दवाखान्यात नसते अशी दांडी

माझे सासरे बाथरूममध्ये पडले नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ते स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होते. झालं एवढंच, की एका सकाळी आतून काहीतरी उखडल्याचा आवाज आला, मग काहीतरी आपटल्याचा, आणि मग बराच वेळ नुसता पाण्याचा. आम्ही नवरा-बायको दार ठोकत बाहेर उभे. शेवटी कडी निघाली आणि अप्पा बाहेर आले. कमरेला टॉवेल, हातात टॉवेल अडकवायची दांडी, आणि दांडीच्या दोन्ही टोकांना थोडी थोडी भिंत.

"ही निघाली," दांडी माझ्या हातात देत ते म्हणाले. "दुकानदाराकडे तक्रार करा."

"अप्पा, पडलात का?" नवऱ्याने विचारलं.

"बसलो. माणसाने आपल्या घरात बसायचंही नाही का?"

अप्पा बसमध्ये कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी चालत्या गाडीत उभ्याने काढली. खड्डे आले, वळणं आली, ड्रायव्हरने घरचा राग ब्रेकवर काढला, तरी अप्पा पडले नाहीत. असा माणूस चार फरशांच्या बाथरूममध्ये पडेल, हे त्यांना मान्य करणं शक्यच नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांकडेही ते 'बसल्यामुळे लागलं' असंच सांगत राहिले.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "या वेळी मुका मार आहे. पुढच्या वेळी खुबा मोडला तर या वयात तो धड सांधेल याची खात्री मी देत नाही. बाथरूममध्ये धरायला भक्कम दांडी लावा. जमलं तर हाकेसाठी एक घंटीही लावा."

"दांडी आणि घंटी दवाखान्यात असतात," अप्पा म्हणाले. "मी दवाखान्यात राहत नाही. लावलीत तर उपटून फेकीन." टॉवेलच्या दांडीचा ताजा अनुभव असल्यामुळे ते फेकतील याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या सकाळी बदलल्या. अप्पा आंघोळीला गेले की नवरा बाथरूमच्या दाराशी बसून बुटांना पॉलिश करायचा आणि मी बोळातल्या कुंडीला पाणी घालायची. कान दोघांचे आत. पाण्याचा आवाज जरा थांबला की आमचे श्वासही थांबायचे. नवऱ्याचे बूट आरशासारखे झाले आणि माझं झाड मुळापासून कुजलं. पण अप्पा सुखरूप बाहेर येईपर्यंत दोघांपैकी एकही जागचं हलत नव्हतं.

आता माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी दारांच्या मुठी डिझाइन करते. समारंभात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरचा माणूस थोडा वेळ थांबतो. पुढे अजून काहीतरी येईल असं त्याला वाटतं. पुढे काहीच येत नाही. मग तो म्हणतो, "पण मुठीत डिझाइन काय करायचं? मूठ ती मूठ." हे ऐकून ऐकून माझ्या मनाला घट्टा पडलाय. वास्तविक आमच्या कारखान्यातून निघणाऱ्या चांगल्या मुठींपैकी निम्म्या माझ्या हातच्या आहेत. आमचे साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाने आधी बघत राहावं आणि मग धरावं, तर ती खरी मूठ. हे वाक्य मला इतकं पटलेलं होतं की पुढचा सगळा गोंधळ त्याच्यातूनच झाला.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. "बाजारात स्टीलची दांडी मिळते. आज आणतो, उद्या लावतो, परवा अप्पा रागावतील, तेरवा विसरतील."

"मी या घरात राहत असताना बाजारातली दांडी?" मी म्हणाले. "अरे, अख्ख्या गावाची दारं माझ्या हातच्या मुठींनी उघडतात. अप्पांना दवाखान्यातली वस्तू नको ना? मग मी अशी दांडी करीन की ती दांडी आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

या शेवटच्या वाक्यात काय चूक आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नवऱ्याच्या आलं असावं, पण तो बुटांकडे वळला.

मी कामाला लागले. कागदामागून कागद संपले. शेवटी एक लाट जमली. भिंतीतून अलगद उठलेली, मध्ये उंच झालेली आणि पुन्हा भिंतीत विरून गेलेली पितळी लाट. कारखान्यात ओतकाम करून घेतलं, घासून अशी चकचकीत केली की तीत आपला चेहरा दिसावा. साहेबांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मला भरून आलं, हे कबूल करते.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर काका राहतात. त्यांना कुठून तरी वास लागला. "भाराचं काय?" ते दारातूनच म्हणाले. "वस्तू सुंदर आहे. पण माणूस घसरला की त्याचं वजन दुप्पट होतं. चाचणी झाली पाहिजे." मी नको नको म्हणत असताना त्यांनी लाट हॉलच्या दाराच्या चौकटीला वरच्या बाजूला आवळली, दोन्ही हातांनी धरली आणि पाय वर घेतले. लाट तसूभरही हलली नाही. चौकट हलली. काका खाली आले, त्यांच्या पाठीत उसण भरली, आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या सोफ्यावर आडवे पडून मला स्क्रूंच्या लांबीविषयी मार्गदर्शन करत होते.

"बघा," अप्पा मला म्हणाले, "धरलं की माणूस पडतो."

खालच्या मजल्यावरच्या काकू इंजिनिअर काकांची चौकशी करायला आल्या आणि लाटेपाशी थबकल्या. "अगंबाई, ही बाथरूममध्ये लावणार? पाहुणे काय बाथरूममध्ये बसतात?" त्यांच्या मते ही वस्तू सोफ्याच्या वर शोभली असती. स्वतःच्या सोफ्याच्या वर, असं त्यांना म्हणायचं होतं, ते मला नंतर कळलं.

पुढची पायरी म्हणजे सोसायटीची परवानगी. आमच्या इमारतीत बाथरूमच्या भिंतीला भोक पाडायचं तर समितीची मंजुरी लागते, कारण पूर्वी कुणीतरी पाडलेल्या भोकातून तीन घरांत ओल उतरली होती. सेक्रेटरी स्वतः घरी आले. अप्पा समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेले. सेक्रेटरींनी चष्मा लावला.

"वस्तू गरजेची की शोभेची?"

"म्हणजे?"

"गरजेची असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरमालकाची सही लागेल. शोभेची असेल तर समितीपुढे ठेवू."

घरमालक अप्पा. पेपराचं पान उलटायचं थांबलं होतं. मी गरजेची म्हणाले असते तर ती लाट त्याच क्षणी खिडकीतून बाहेर गेली असती.

"शोभेची," मी म्हणाले.

समितीने बराच खल केला. एका सभासदाचा प्रश्न होता की बंद दारामागे शोभा कशासाठी. दुसऱ्याचं म्हणणं, आज लाट आली, उद्या कुणी कारंजं मागेल. अखेर मंजुरी आली, पण एका अटीवर. सेक्रेटरींनी येऊन घरमालकाला, म्हणजे अप्पांना, पत्र वाचून दाखवलं. 'सदर वस्तू शोभेची असल्याने तिच्यावर कोणत्याही प्रकारचा भार टाकण्यात येऊ नये.'

अप्पांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी मिस्त्रीला फोन करण्यात गुंतले होते.

लाट लागली आणि आमच्या बाथरूमला अचानक प्रतिष्ठा आली. इमारतीतली माणसं चहाला म्हणून यायची आणि आधी हात धुवायला जायची. अप्पा तर हरखूनच गेले. त्यांचे जुने सोबती, ड्रायव्हर आणि चेकर, घरी आले की अप्पा त्यांना घेऊन सरळ बाथरूममध्ये. आत तीन-चार म्हातारी माणसं दाटीवाटीने उभी राहून भिंतीकडे बघतायत, आणि अप्पा सांगतायत, "सूनबाईने केलंय. अख्खं पितळ." माझी छाती फुगत होती. काम फत्ते झालं, असं मी नवऱ्याला म्हणालेही.

"ते धरतात का पण?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं. पण मनात किडा वळवळायला लागला. आमच्या कामात चकचकीत पितळ म्हणजे कटकट असते, कारण बोट लागलं की ठसा उमटतो. कारखान्यात त्या ठशांवरून मी किती जणांना झापलंय त्याला गणती नाही. अप्पा आंघोळ करून बाहेर आले की मी आत जाऊन लाटेवर ठसे शोधायला लागले. रोज बघायची. एकही ठसा नाही. उलट लाट आदल्या दिवसापेक्षा लखलखीत. एकदा दार किलकिलं होतं तेव्हा कारण दिसलं. आंघोळ झाली की अप्पा आपल्या पंच्याने लाट पुसायचे. आणि पुसताना आधार म्हणून दुसऱ्या हाताने गरम पाण्याचा नळ धरायचे.

त्या दिवशी माझा तोल गेला. "अप्पा, ती लाट धरायला आहे."

"धरायला? शोभेची आहे ना? तूच सांगितलंस सेक्रेटरींना." ते शांतपणे म्हणाले. "शिवाय भार टाकायचा नाही असा नियम आहे. बसमध्ये मी नियम मोडू दिले नाहीत, घरात मोडू?"

"नळ धरलेला चालतो?"

"नळाबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही."

मग मऊ आवाजात म्हणाले, "आणि अगं, एवढी देखणी वस्तू. साबणाचा हात कसा लावायचा तिला?"

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. वाईट याचं वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या माणसासाठी काही केलं, ते इतकं सुंदर केलं की त्याला ते वापरवेना. आणि तो माणूस रोज सकाळी एका निसटत्या नळाच्या भरवशावर उभा होता.

नवऱ्याने समजूत काढायचा प्रयत्न केला. "आपण बाथरूममध्ये पाटी लावू. 'उभ्या प्रवाशांनी दांडी धरावी.' अप्पा नियम पाळतात." त्याने खरंच पाटी लावली. अप्पांनी ती वाचली आणि म्हणाले, "ही प्रवाशांसाठी असते. कंडक्टरला लागू नाही."

मी मात्र हट्टाला पेटले होते. लाट काढून मी दुसरी दांडी केली. मुद्दाम साधी, लाकडी, खरखरीत, कुणाला पुसावीशी वाटणार नाही अशी. भोकं जुनीच असल्याने परवानगीचा प्रश्न आला नाही. अप्पांना ती पसंत पडली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यावर ओला बनियन वाळत घातला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मोजे. आठवडाभरात दांडी कपड्यांखाली दिसेनाशी झाली, आणि मी पुन्हा कुंडीपाशी. झाड नव्हतंच, पण मी पाणी घालत होते.

लाट काकूंनी मागून नेली. "नाहीतरी पडूनच आहे," म्हणाल्या. मी दिली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं. रिक्षाने जाऊ म्हटलं तर अप्पा ऐकेनात. बसनेच. बसमध्ये एकाने उठून जागा दिली, तर अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा पुन्हा बसला. मी एका हाताने अप्पांच्या शर्टाचं टोक त्यांच्या नकळत पकडून उभी.

"सोड," अप्पा मागे न बघता म्हणाले. "मला आधार लागत नाही. आयुष्यात कधी कशाला धरलं नाही मी. पायांवर विश्वास पाहिजे."

तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. अख्खी बस पुढे झेपावली. मी एका गृहस्थाच्या पिशवीत. अप्पा जागच्या जागी, ताठ. "बघितलंस?" ते म्हणाले.

मी बघितलं. अप्पांचा डावा हात दारालगतच्या उभ्या दांडीवर होता. अंगठा आणि चार बोटं तिच्याभोवती इतकी सहज मिटली होती की जणू ती तिथेच वाढली असावीत. बस सावरली तसा हात आपोआप सुटला. पुढच्या वळणाच्या जरा आधी पुन्हा गेला. अप्पा बाहेर बघत होते, माझ्याशी बोलत होते, पायांवरच्या विश्वासाविषयी सांगत होते, आणि हात आपलं काम करत होता. त्यांना पत्ताच नव्हता.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी केसांची रिबीन सोडली आणि त्या दांडीभोवती गुंडाळून जाडी मोजायला लागले. मग उंची. मग दारापासूनचं अंतर.

"मॅडम, काय चाललंय?" कंडक्टरने विचारलं.

"माप घेतेय."

"कशासाठी?"

"बाथरूमसाठी."

हे ऐकून सगळ्या बसने सल्ले सुरू केले. एका बाईंचं म्हणणं, लोखंड गंजेल. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, बाथरूमला बसची दांडी कशाला, सरळ बसच घ्या. पिशवीवाल्या गृहस्थांनी तर रिबिनीचं एक टोक धरून मदतच केली. अप्पा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या ओळखीची नव्हते. आमचा थांबाही मागे गेला.

पुढचे काही दिवस मी रोज बसने फिरले. जागा रिकामी असली तरी उभी. नुसते हात बघायचे. कुणाचा हात कुठे जातो, कुठून सुटतो. कारखान्यात मी मूठ करते तेव्हा डोळ्यांचा विचार करते. इथे डोळ्यांना कुणी विचारतच नव्हतं. घरी येऊन रेखाटायला बसले की पेन्सिल सवयीने पानं-वेली काढायला लागायची. मी त्या खोडायची. पुन्हा उगवायच्या. पुन्हा खोडायची.

शेवटी साधी उभी स्टीलची दांडी उरली. जमिनीपासून छतापर्यंत, खाली-वर रबराचे जाड टेकू, आणि मधला स्क्रू फिरवला की दोन्हीकडे घट्ट बसणारी. एकही भोक नाही, म्हणजे सेक्रेटरी नाहीत. इंजिनिअर काकांना मी पाठीच्या काळजीने बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले, लटकले, आणि या वेळी दोन पायांवर परत गेले.

एकच अडचण होती. बसमध्ये हाताला साबण नसतो. ओल्या हाताने धरून पाहिलं तर सरळ दांडीवरून हात सरसर खाली येत होता. म्हणून कमरेच्या जरा वर मी तिला एक हलकं वळण दिलं. घसरणारा हात तिथे येऊन थांबावा इतकंच. ते वळण साधायला मला लाटेपेक्षा जास्त दिवस लागले. कारखान्यातला कारागीर कंटाळून म्हणाला, "ताई, आता तरी बरं दिसतंय की." मला बरं दिसायला नको होतं, बरोबर हवं होतं. पण ज्या दिवशी ते बरोबर झालं त्या दिवशी सुंदरही दिसायला लागलं. ते शोभेचं की गरजेचं, असं सेक्रेटरींनी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

दांडी उभी केली आणि अप्पांना काही न सांगता आम्ही बाहेर थांबलो. ते आत गेले. मग दार पुन्हा उघडलं.

"ही गाडीतली दांडी आहे," ते म्हणाले.

"हो."

ते पुन्हा आत गेले. मागोमाग मीही डोकावले. अप्पा दांडीला पाठ लावून उभे होते. उभं राहायची ती ऐट मी त्यांच्या लग्नाच्या जुन्या फोटोंमध्येच पाहिली होती.

"हे वळण गाडीत नसतं," बोट ठेवून ते म्हणाले.

"ते माझं आहे."

त्यांनी त्यावरून हात फिरवला. "राहू दे," ते म्हणाले. मग वर बघून, "आणि घंटीची दोरी कुठाय? दोरीशिवाय गाडी सुटते का?"

माझ्या रचनेत दोरीला जागा नव्हती. स्वच्छ उभ्या रेषेशेजारी लोंबणारी दोरी म्हणजे डोळ्यांना खुपणारी गोष्ट, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि डॉक्टरांचं बोलणं आठवून मिटलं. त्याच संध्याकाळी खिडकीच्या फटीतून दोरी बाहेर काढून बोळात पितळी घंटी टांगली.

मधल्या काळात मी काकूंकडे गेले होते. लाट त्यांच्या सोफ्याच्या वर लावलेली, ठसेच ठसे. काकूंचे गुडघे दुखतात. दर वेळी सोफ्यावरून उठताना त्या लाटेला धरून उठत होत्या. "फार कामाची वस्तू गं," म्हणाल्या. समितीच्या पत्राविषयी मी बोलले नाही.

आमच्याकडे आता सकाळी अप्पा आत गेले की दोनदा घंटी वाजते, म्हणजे गाडी सुटली. आंघोळ झाली की एकदा, म्हणजे थांबा आला. नवऱ्याचे बूट पुन्हा मळायला लागले. मी नवं झाड आणलं आणि त्याला पाणी कमी घालायला शिकले.

परवाची गोष्ट. दोन टोले झाले, पाणी सुरू झालं, आणि पाणी चालू असतानाच एक टोला पडला. मध्येच. आम्ही दोघं जिथे होतो तिथून धावलो. मी ओरडले, "अप्पा!"

क्षणभर नुसतं पाणी. मग आतून आवाज आला.

"पाय सटकला."

नवऱ्याने दाराला खांदा लावला.

"दार मोडू नका," अप्पा म्हणाले. "पडलो नाही. धरलं होतं."

धरलं होतं. आयुष्यात कधी कशाला धरलं नाही असं सांगणारा माणूस हे म्हणाला, आणि वर दोनदा घंटी वाजवली. गाडी पुढे निघाली.

ते बाहेर आल्यावर मी आत गेले. दांडीच्या वळणावर साबणाची पाच बोटं उमटली होती. घट्ट, पुरती, अंगठ्यासकट. नवरा मागून फडकं घेऊन आला.

"पुसू नकोस," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.